सिस्टिमचा बॅकअप आणि रिकव्हरी पार्टिशन : प्रस्तावना

घरच्या विंडोज संगणकात सी ड्राइव्हखेरीज आणखी दोन-तीन पार्टिशन्स, म्हणजे डिस्कचे वेगळे केलेले भाग, असतात. त्यांना ड्राइव्हचे अक्षर दिलेले नसते, त्यामुळे रोजच्या वापरात ती कधी नजरेला पडत नाहीत. विंडोज सुरू होते ते त्यांतल्या एकामुळे आणि बिघडल्यावर सावरते ते दुसऱ्यामुळे. बॅकअप म्हणून बहुतेक घरांत फोटो, कागदपत्रे आणि डेस्कटॉपवरच्या फायली पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवतात. तो बॅकअप हवाच. त्याला पर्याय नाही. पण डिस्क गेली तर नुसत्या त्या फायलींवर संगणक पुन्हा चालू होत नाही. विंडोज, ड्रायव्हर, प्रिंटरची जुळणी, हिशेबाचे किंवा फोटोचे सॉफ्टवेअर, त्यांची लायसन्स, मराठी टायपिंगची सोय हे सगळे नव्याने बसवावे लागते आणि त्यात दोन-तीन दिवस सहज जातात. सिस्टिमचा बॅकअप हे दिवस वाचवतो. तो नीट घ्यायचा तर आधी डिस्कवर काय काय आहे ते पाहायला हवे.

५१२ जीबीची एसएसडी असलेला विंडोज ११ चा लॅपटॉप घ्या. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडले की खालच्या पट्टीत साधारण तीन चौकोन दिसतात. डावीकडे शंभर किंवा २६० एमबीचा ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’, मधे जवळजवळ सगळी डिस्क व्यापणारा सी ड्राइव्ह आणि उजवीकडे एक जीबीच्या आतबाहेरचा ‘रिकव्हरी पार्टिशन’. एकूण आकडा ५१२ ऐवजी ४७६ जीबी दिसतो. डिस्क बनवणारा दशमान पद्धतीने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, म्हणून हा फरक पडतो. जागा कुठे गायब झालेली नसते. चौथा भाग मात्र इथे दिसतच नाही. ‘डिस्कपार्ट’ या आज्ञाप्रणालीत डिस्क निवडून ‘लिस्ट पार्टिशन’ असे विचारले की ‘रिझर्व्ह्ड’ नावाने १६ एमबीची एक ओळ येते. विंडोज ७ च्या काळात हाच भाग १२८ एमबीचा असे. त्यात वापरणाऱ्याचे काहीच नसते. विंडोजने डिस्कच्या अंतर्गत कामांसाठी राखलेली ती जागा आहे.

हे भाग कुठून सुरू होतात आणि कुठे संपतात याची नोंद डिस्कच्या अगदी सुरुवातीला असते. १९८३ साली पीसी डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आलेल्या जुन्या पद्धतीला एमबीआर म्हणतात. ५१२ बाइट्सच्या एकाच सेक्टरमध्ये सुरुवातीचा प्रोग्राम आणि चार पार्टिशन्सचा तक्ता अशी तिची रचना. चारापेक्षा जास्त मुख्य पार्टिशन्स नाहीत आणि दोन टेराबाइटच्या पुढची जागा मोजता येत नाही, या तिच्या दोन मर्यादा. विंडोज ८ नंतरच्या जवळपास सगळ्या तयार लॅपटॉपमध्ये जीपीटी ही नवी पद्धत असते. विंडोजमध्ये तिच्यात १२८ नोंदींची सोय आहे आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते, त्यामुळे पहिला तक्ता खराब झाला तरी दुसऱ्यावरून तो दुरुस्त करता येतो. आपली डिस्क कोणत्या पद्धतीची आहे हे बॅकअप घेताना माहीत असलेले बरे, कारण रिस्टोअर करताना, म्हणजे बॅकअप डिस्कवर परत उतरवताना, संगणकाची बूट पद्धत तिच्याशी जुळावी लागते. जीपीटीची इमेज, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी घेतलेली प्रत, रिस्टोअर केली आणि बायोसमध्ये जुना ‘लेगसी’ मोड चालू राहिला, तर सगळे बिनचूक उतरूनही संगणक ‘बूट डिव्हाइस सापडले नाही’ म्हणत बसतो.

ईएफआय सिस्टिम पार्टिशन हा आकाराने किरकोळ पण महत्त्वाने पहिला भाग. तो फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला असतो, कारण मदरबोर्डवरच्या फर्मवेअरला तेवढेच वाचता आलेच पाहिजे असे ठरलेले आहे. विंडोजचा बूट मॅनेजर आणि कोणती सिस्टिम कुठून सुरू करायची याची नोंदवही, म्हणजे बीसीडी, या भागात राहते. शेजारी लिनक्स टाकलेले असेल तर त्याचा बूटलोडरही इथेच येतो. सी ड्राइव्ह शाबूत असून हा भाग गेला तर विंडोज सुरू होत नाही, आणि नुसत्या सी ड्राइव्हची इमेज नव्या डिस्कवर उतरवली तरी तेच होते. घरी पहिल्यांदा इमेज घेणारे बहुधा इथेच चुकतात. सॉफ्टवेअर पार्टिशन्स निवडायला सांगते तेव्हा मोठा दिसणारा सी तेवढा निवडला जातो आणि शंभर एमबीचा चौकोन बाजूला राहतो. सुदैवाने हा भाग पुन्हा तयार करता येतो. विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, फॅट-३२ चे छोटे पार्टिशन बनवायचे आणि ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा द्यायची. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरमधून ती बूटच्या फायली नव्याने लिहून देते. तरीही जो भाग दहा सेकंदांत कॉपी होतो तो वगळून ही कसरत ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

रिकव्हरी पार्टिशनची गोष्ट थोडी लांबची आहे. पूर्वी संगणकाबरोबर विंडोजची सीडी मिळे. २००० नंतरच्या दशकात लॅपटॉप कंपन्यांनी सीडी देणे हळूहळू बंद केले आणि डिस्कवरच दहा-वीस जीबीचा भाग राखून त्यात कारखान्यातून आलेली संपूर्ण सिस्टिम भरून ठेवायला सुरुवात केली. सुरू होताना एखादी ठरावीक फंक्शन की दाबली की लॅपटॉप पहिल्या दिवसासारखा होई, मात्र सी ड्राइव्हवरचे सगळे पुसून. याच भागावरून तीन-चार डीव्हीडी स्वतः भरून ठेवाव्यात अशी सूचना पहिल्यांदा लॅपटॉप उघडताच पडद्यावर येई, आणि काही कंपन्या असा संच एकदाच बनवू देत. फार थोड्यांनी तो बनवला. ज्यांनी बनवला त्यांच्यापैकी अनेकांच्या डीव्हीड्या कपाटात दमट हवेने बुरशी धरून निकामी झाल्या.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतर, ‘रिसेट’ची सोय खुद्द विंडोजमध्येच आली. २०१५ च्या विंडोज १० ने ती आणखी बदलली. आता रिसेटला वेगळी साठवलेली प्रत लागत नाही. सी ड्राइव्हवर असलेल्या विंडोजच्याच फायलींवरून नवी सिस्टिम रचली जाते आणि २०२० पासून ती इंटरनेटवरून उतरवण्याचाही पर्याय मिळतो. त्यामुळे आजच्या रिकव्हरी पार्टिशनमध्ये पूर्ण विंडोज नसते. त्यात ‘विंडोज रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट’ नावाची छोटी, स्वतंत्रपणे सुरू होणारी दुरुस्तीची सिस्टिम असते. संगणक लागोपाठ काही वेळा नीट सुरू झाला नाही की ‘ट्रबलशूट’चा निळा पडदा येतो, तो याच भागातून. जुन्या लॅपटॉपच्या अनुभवावरून अनेकांना आजही वाटते की रिकव्हरी पार्टिशन आहे म्हणजे विंडोजची प्रत डिस्कवर सुरक्षित आहे. नव्या यंत्रात तसे नसते.

हा भाग डिस्कवर कुठे बसला आहे यालाही महत्त्व आहे. विंडोजच्या पार्टिशनच्या लगेच उजवीकडे तो असावा, असे मायक्रोसॉफ्टचे सांगणे आहे. तिथे असला की जागा कमी पडल्यावर सी ड्राइव्ह थोडा आकसून त्याला वाढवता येते. विंडोज १० च्या सुरुवातीच्या आवृत्त्या मात्र तो डिस्कच्या डाव्या टोकाला बसवत. तिथे वाढायला जागाच नसते. मग मोठ्या अपडेटच्या वेळी विंडोज सी ड्राइव्हमधून तुकडा काढून नवे रिकव्हरी पार्टिशन बनवते आणि जुने तसेच पडून राहते. एखाद्या डिस्कवर दोन-तीन रिकव्हरी पार्टिशन्स दिसतात त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी केबी ५०३४४४१ हे सुरक्षा अपडेट आले, तेव्हा रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा नसलेल्या असंख्य घरगुती संगणकांवर ते पुन्हा पुन्हा अयशस्वी होत राहिले. मायक्रोसॉफ्टने पार्टिशन हाताने वाढवण्याची कृती प्रसिद्ध केली आणि पुढे, यावर आपोआप होणारा उपाय देता येणार नाही, असे कळवले. घरगुती वापरणाऱ्याला कमांड प्रॉम्प्टमध्ये पार्टिशन पुसून नव्याने बनवायला सांगणे हे काही बरे नव्हे. पण अशा कामाला हात घालण्यापूर्वी संपूर्ण डिस्कची इमेज हाताशी असणे किती गरजेचे आहे, हे त्या निमित्ताने पुष्कळांच्या लक्षात आले.

अनेक पार्टिशन्सपैकी नेमके कोणते वापरात आहे हे ‘रीएजंट-सी’ या आज्ञेला ‘इन्फो’ जोडून विचारले की कळते. उत्तरात रिकव्हरी चालू आहे की बंद आणि ती कितव्या पार्टिशनवर आहे ते स्पष्ट लिहिलेले असते. हे न पाहता ‘जागा अडवून बसलेले’ म्हणून पार्टिशन उडवण्याची घाई करू नये.

रिकव्हरी पार्टिशनची खरी मर्यादा मात्र वेगळीच आहे. ते त्याच डिस्कवर असते. विंडोजची एखादी फाइल बिघडली, अपडेट अर्धवट राहिले, चुकीचा ड्रायव्हर बसला, तर ते कामी येते. डिस्कच बंद पडली, लॅपटॉप चोरीला गेला, रॅन्समवेअरने सगळे कुलूपबंद केले, तर घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेतल्यासारखी गत होते. एसएसडी आल्यापासून ही शक्यता अधिक बोचणारी झाली आहे. फिरणारी हार्ड डिस्क मरण्याआधी अनेकदा खरखरते, मंदावते, पूर्वसूचना देते. एसएसडी बऱ्याचदा काल चालू होती आणि आज दिसतच नाही अशी जाते. ‘सिस्टिम रिस्टोअर’चे पॉइंटही त्याच सी ड्राइव्हवर राहतात आणि रॅन्समवेअर सर्वप्रथम तेच पुसते. म्हणून सिस्टिमचा बॅकअप म्हणायचा तो त्या डिस्कच्या बाहेर असलेलाच.

असा बॅकअप फायली कॉपी करून होत नाही. चालू विंडोजमधल्या कित्येक फायली उघड्या असतात, त्यांच्या परवानग्या आणि आपसांतले दुवे साध्या कॉपीत टिकत नाहीत, आणि बूटची पार्टिशन्स तर एक्सप्लोररमध्ये दिसतच नाहीत. त्यासाठी पार्टिशन जसेच्या तसे एका फाइलमध्ये उतरवावे लागते. त्या फाइलला इमेज म्हणतात. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या मरे हॅझर्ड यांनी १९९० च्या दशकाच्या मध्याला घोस्ट हे सॉफ्टवेअर लिहिले आणि १९९८ मध्ये ते सिमँटेकने विकत घेतले. संगणक दुरुस्तीच्या दुकानांतून पुढे अनेक वर्षे एकच तयार केलेली विंडोज घोस्टने दहा यंत्रांवर उतरवली जाई. घरगुती घोस्टची विक्री २०१३ मध्ये थांबली, पण आजची सगळी साधने त्याच कल्पनेवर चालतात. फरक इतकाच की आता संगणक बंद न करता इमेज घेता येते. विंडोजमधील ‘व्हॉल्यूम शॅडो कॉपी’ ही सेवा डिस्कचे त्या क्षणाचे चित्र गोठवून देते आणि वापरणारा काम करत असला तरी इमेजमध्ये तोच क्षण उतरतो.

साधनांपैकी पहिले विंडोजच्याच पोटात आहे. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘बॅकअप अँड रिस्टोअर विंडोज ७’ मध्ये ‘सिस्टिम इमेज’ बनवता येते. विंडोज चालण्यासाठी लागणारी पार्टिशन्स ते स्वतःच निवडते, हा त्याचा मोठा गुण. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या सोयीचा विकास थांबवल्याचे जाहीर केले आणि इतर कंपन्यांची साधने वापरण्याचा सल्ला दिला; सोय मात्र अजून काढलेली नाही. तिच्यात दोन खाचखळगे आहेत. नवी डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान असेल तर रिस्टोअर नाकारले जाते, मग आतला डेटा कितीही कमी असो. आणि इमेजचा ‘विंडोज इमेज बॅकअप’ हा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर अगदी वरच्या पातळीला, त्याच नावाने असावा लागतो. नीटनेटकेपणासाठी तो ‘लॅपटॉप बॅकअप’ नावाच्या फोल्डरमध्ये सरकवला की रिकव्हरीला तो सापडत नाही. विंडोज ११ मधले ‘विंडोज बॅकअप’ नावाचे नवे अ‍ॅप मात्र इमेज घेत नाही. ते सेटिंग, अ‍ॅपची यादी आणि काही फोल्डर वनड्राइव्हवर ठेवते. नावाने फसू नये.

मोफत साधनांत तैवानमध्ये विकसित झालेले क्लोनझिला भरवशाचे आहे. ते पेन ड्राइव्हवरून सुरू होते, सगळी पार्टिशन्स पार्टिशन तक्त्यासकट उतरवते आणि वापरलेले ब्लॉक तेवढेच कॉपी करते. त्याचे पडदे रुक्ष आहेत आणि मूळ व नवी डिस्क यांची अदलाबदल झाली तर होत्याचे नव्हते होते, म्हणून प्रत्येक पडद्यावर डिस्कचे मॉडेल आणि आकार वाचूनच पुढे जावे. माउसवर चालणारे सोपे साधन हवे असेल तर मॅक्रियम रिफ्लेक्ट आणि अ‍ॅक्रोनिस यांच्यासारखी विकतची सॉफ्टवेअर आहेत. मॅक्रियमची घरगुती मोफत आवृत्ती २०२४ च्या सुरुवातीपासून बंद झाली आहे.

आजच्या यंत्रांत सर्वांत जास्त लक्ष मागतो तो विंडोजचा डिस्क एन्क्रिप्ट करणारा बिटलॉकर. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून, नव्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने प्रवेश केला की डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट होते आणि ते मालकाच्या लक्षातही येत नाही. त्याची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपशी बांधलेली असते. मदरबोर्ड बदलला किंवा बूटच्या व्यवस्थेत फेरफार झाला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर डिस्कवरचे काही म्हणजे काही परत मिळत नाही. कोणताही दुकानदार ते काढून देऊ शकत नाही. ही की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठलेली असते. तिची छापील प्रत घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवणे हे इमेज घेण्याच्याही आधीचे काम आहे. बिटलॉकर चालू असताना क्लोनझिलासारख्या बाहेरून चालणाऱ्या साधनाला कोणते ब्लॉक वापरात आहेत ते कळत नाही, म्हणून ते रिकाम्या जागेसकट सगळे पार्टिशन कॉपी करते आणि इमेज अवाढव्य होते. विंडोजच्या आतून चालणाऱ्या साधनाची इमेज आटोपशीर होते, पण ती एन्क्रिप्ट केलेली नसते. तिला पासवर्ड लावावा आणि रिस्टोअरनंतर बिटलॉकर पुन्हा चालू करावा.

इमेज बाहेरच्या यूएसबी डिस्कवर ठेवावी आणि ती डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली असावी, कारण फॅट-३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. काम झाले की डिस्क काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही सोडत नाही. यूएसबी २ च्या जुन्या पोर्टवर सेकंदाला सुमारे ३० एमबी या गतीने शंभर जीबी उतरवायला तासभर लागतो. यूएसबी ३ वर साध्या हार्ड डिस्कलाही वीसेक मिनिटे पुरतात. वीज भरवशाची नसेल तिथे लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी आणि डेस्कटॉप यूपीएसवर असावा. अर्धवट राहिलेली इमेज टाकून देता येते. अर्धवट राहिलेले रिस्टोअर मात्र डिस्क बूट न होण्याच्या अवस्थेत सोडते.

इमेज आहे पण ती वाचणारी सिस्टिम सुरू कशावरून करायची, हा प्रश्न राहतो. त्यासाठी रिकव्हरीचा पेन ड्राइव्ह वेगळा हवा. विंडोजमधले ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ तो बनवते आणि पेन ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसते. इमेजची विकतची साधनेही आपापला रेस्क्यू पेन ड्राइव्ह बनवून देतात. सुरू करताना डेल आणि लेनोव्होवर एफ १२, एचपीवर एफ ९, असुसवर एस्केप अशी की दाबून तो निवडावा लागतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क व्हीएमडी नावाच्या नियंत्रकामागे असते, आणि त्याचा ड्रायव्हर नसेल तर पेन ड्राइव्हवरून सुरू झालेल्या सिस्टिमला डिस्क दिसतच नाही. घाबरलेला मालक मग डिस्क मेली असे समजतो. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून तो ड्रायव्हर उतरवून त्याच पेन ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये आधीच ठेवावा.

रिस्टोअरच्या वेळी शक्यतो सगळी डिस्क एकत्र उतरवावी, म्हणजे तक्ता, ईएफआय, राखीव भाग, सी आणि रिकव्हरी मूळ क्रमाने बसतात. नवी डिस्क मोठी असेल तर उरलेली जागा रिकव्हरी पार्टिशनच्या पलीकडे मोकळी पडते आणि सी ड्राइव्हला ती मिळत नाही, कारण मधे रिकव्हरी आडवे येते. रिकव्हरी शेवटी सरकवू देणारे साधन असेल तर हे तिथेच निस्तरावे. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी. दोन्ही डिस्कवर एकच ओळखक्रमांक असतो आणि विंडोज त्यांतली एक ऑफलाइन करते. सुरू झाल्यावर ‘रीएजंट-सी’ला पुन्हा एकदा विचारावे. रिकव्हरी बंद दाखवत असेल तर ‘एनेबल’ करावी. लायसन्सची काळजी सहसा नसते. विंडोज ८ पासून मोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉपची प्रॉडक्ट की फर्मवेअरमध्येच असते आणि डिस्क बदलली तरी विंडोज ती तिथून वाचते. मदरबोर्ड बदलल्यास मात्र प्रश्न येऊ शकतो.

महाराष्ट्रात घरून डीटीपी करणाऱ्यांना सिस्टिम इमेजचे मोल विशेष आहे. युनिकोडपूर्वीची श्री-लिपी किंवा आयएसएम ही सॉफ्टवेअर आणि त्यांच्या फाँटमध्ये जुळवलेली पुस्तके, दिवाळी अंक, लग्नपत्रिका अजून वापरात आहेत. तो फाँट आणि ते सॉफ्टवेअर नसलेल्या यंत्रावर त्या फायली नुसती अक्षरांची खिचडी दाखवतात. फायलींचा बॅकअप असूनही त्या वाचता येऊ नयेत, अशी वेळ यामुळे येते. जुन्या आवृत्तीची सीडी हरवलेली, हार्डवेअर लॉकचा ड्रायव्हर मिळेनासा झालेला. अशा ठिकाणी चालू यंत्राची इमेज हाच एक मार्ग उरतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने असे यंत्र इंटरनेटपासून दूर ठेवणेच बरे, पण त्याची इमेज आजच घेतलेली असावी.

इमेज किती वेळा घ्यावी याचे उत्तर फायलींच्या बॅकअपपेक्षा सोपे आहे. फायली रोज बदलतात, सिस्टिम तितकी बदलत नाही. नवा लॅपटॉप पूर्ण लावून झाल्यावर एक, आणि त्यानंतर प्रत्येक मोठ्या अपडेटच्या किंवा पार्टिशनला हात लावण्याच्या आधी एक, एवढे घरासाठी पुरते. शेवटच्या दोन इमेज ठेवाव्यात, म्हणजे एक खराब निघाली तरी दुसरी राहते. साधनात ‘व्हेरिफाय’चा पर्याय असतो, तो कधीही वगळू नये. जुनी रिकामी डिस्क घरात असेल तर तिच्यावर एकदा प्रत्यक्ष रिस्टोअर करून पाहावे. तेवढी खात्री दुसऱ्या कशानेही होत नाही. अशी डिस्क नसेल तर निदान रेस्क्यू पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून आतली डिस्क, बाहेरची डिस्क आणि तिच्यावरची इमेज ही तिन्ही यादीत दिसतात का एवढे पाहावे आणि काही न लिहिता बाहेर पडावे. ही तपासणी इमेज घेतली त्याच दिवशी करावी.